कोणत्या महादेवाला? सिंदेवाही परिसरातील डोंगरयात्रांचा इतिहास

सिंदेवाही हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव वैनगंगेच्या पश्चिमेला, धानाच्या बांध्या आणि जंगल यांच्या मधोमध आहे. आसपास टेकड्या पुष्कळ असल्या तरी ज्याला उंच पर्वत म्हणावा तो येथून फार दूर आहे. तरीही या झाडीपट्टीतील कास्तकार आणि मजूर पिढ्यान्‌पिढ्या गटागटाने डोंगर चढायला निघत आले आहेत. बहुतेकांच्या हाती पैसा बेताचाच असे, म्हणून कुठे जायचे हे ठरवताना श्रद्धेइतकाच हिशेबही मांडावा लागे. सातपुड्यातील पचमढीचा बडा महादेव सर्वांत दूरचा आणि सर्वांत मानाचा. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यातील गायमुख, गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील प्रतापगड, कोरची तालुक्यातील टिपागड, नागभीड तालुक्यातील सातबहिणी म्हणजेच पेरजागड, आणि वैनगंगेच्या काठावर डोंगराविना महादेव भेटणारे मार्कंडा हे त्याला पर्याय. यांतला कोणता निवडायचा हा प्रश्न गावात दरवर्षी नव्याने पडे. त्याचे उत्तर कसे बदलत गेले, हा या भागाच्या इतिहासाचा एक दुर्लक्षित धागा आहे.

हे उत्तर पहिल्यांदा ठरवी ते धान. झाडीतला धान जून-जुलैत पेरला जातो, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी होते, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि त्यानंतर चुरणा, म्हणजे मळणी. काही बांध्यांत धान उभा असतानाच ओल धरून लाखोळी फेकतात. तिची काढणी उन्हाळ्याच्या तोंडावर येते. मार्चच्या मध्यापासून मोहफूल पडू लागते आणि पहाटेपासून घरातली लहानमोठी सगळी माणसे झाडाखाली असतात. त्यानंतर तेंदूपत्त्याचा हंगाम. या साखळीत जरा सैल जागा दोनच. पहिली दिवाळीनंतरची, ती मंडया आणि नाटकांची. दुसरी माघातली, चुरणा आटोपून मोहफूल पडण्याआधीची. महाशिवरात्र येते माघ वद्य चतुर्दशीला, म्हणजे नेमकी या दुसऱ्या जागेत. कोठीत धान आलेला असतो, त्यातला थोडा विकून रोख हाती आलेली असते, बैल मोकळे असतात आणि नद्यांना उतार मिळतो. माघातल्या यात्रांना या भागात एवढे बळ का आले, याचे बरेचसे उत्तर या मोकळ्या पंधरा-वीस दिवसांत आहे.

याची उलट बाजू नागद्वारीच्या यात्रेत दिसते. पचमढीच्याच डोंगरांत, पण नागपंचमीला भरणारी ही यात्रा विदर्भात अतिशय लोकप्रिय आहे. श्रावण शुद्ध पंचमीच्या सुमारास झाडीत मात्र रोवणी सुरू असते. पऱ्हे उपटून चिखलात लावण्याचे काम चार दिवस पुढे ढकलता येत नाही. उशीर झाला की उत्पन्न घटते, आणि मजुरांनाही वर्षातली मोठी मजुरी याच दिवसांत मिळते. कापूस आणि ज्वारीच्या मुलखात पेरणी आधीच आटोपलेली असल्याने पावसाळ्यात घर सोडणे त्यामानाने सोपे. डोंगर एकच, देवही एकच, पण कोणत्या मोसमात जायचे हे पिकाने ठरवले. धानकऱ्याच्या वाट्याला मुख्यतः शिवरात्र आली.

गटाने जाणे ही हौस नव्हती, गरज होती. महादेवाला निघालेल्या अशा जथ्याला पूर्व विदर्भात अनेक गावी पोहा म्हणतात. पुढे वाट जाणणारा आणि देवाचे नेम सांभाळणारा भगत असे. खर्चाची वाटणी पैशात कमी आणि वस्तूंत जास्त होई. ज्याच्याकडे बंडी आणि बैल त्याने ते जुंपायचे, ज्याच्याकडे काही नाही त्याने लाकूड-पाणी आणि बैलांची राखण पत्करायची. तांदूळ, डाळ, पोहे, मीठ-मिरची असा शिधा प्रत्येक घरातून यायचा. मुक्काम नदीकाठी किंवा आमराईत, चूल तीन दगडांची. रोख पैसा लागे तो नारळ, अगरबत्ती, देवाचे दान आणि परतीच्या वेळी घरच्यांसाठी घ्यायची किरकोळ खरेदी यांपुरता. म्हणून अंतर मैलांत मोजले जात नसे, शिध्यात मोजले जाई. बंडीत माणसे बसवली की धान्याला जागा उरत नाही. धान्य भरले की माणसांनी चालायचे. लांबचा पल्ला गाठायचा तर वाटेतल्या गावांच्या आदरातिथ्यावर भिस्त ठेवावी लागे. ते मिळेही, कारण महादेवाला निघालेल्यांना जेवू घालणे हे पुण्याचे काम मानले जाई.

बैलांची बंडी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर जाते. सिंदेवाहीहून मूल आणि चामोर्शीमार्गे मार्कंडा साधारण तीन दिवसांच्या टप्प्यात येते. पचमढी नागपूरमार्गे साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, तेव्हा जायला आणि यायला मिळून महिना हवा. माघातल्या मोकळ्या दिवसांत तो बसत नाही. त्यामुळे बडा महादेव हा सगळ्या गावाचा दरवर्षीचा डोंगर कधीच नव्हता. तो नवसाचा डोंगर होता, आयुष्यात एकदा किंवा दोनदा जाण्याचा. घरातला एक कर्ता माणूस जाई. मागे राहिलेले भाऊ त्याचे काम सांभाळत आणि त्याच्या परतण्यावर मावंदे घालत. नेहमीची यात्रा जवळच्या देवांची असे.

जवळच्यांमध्ये मार्कंड्याचा मान वेगळा आहे. वैनगंगा येथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते आणि तिच्या काठावर दगडी मंदिरांचा मोठा समूह उभा आहे. १८७० च्या दशकात पुरातत्त्व खात्याचे अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी मध्य प्रांताच्या पाहणीत या मंदिरांची नोंद घेतली आणि त्यांच्या शिल्पकामाची वाखाणणी केली. झाडीतल्या लोकांना या जागेची थोरवी कळायला पुरातत्त्व खात्याची गरज नव्हती. विदर्भाची काशी हे नाव मार्कंड्याला चिकटलेलेच आहे. बंडी थेट नदीपर्यंत जाते, चढ नाही, म्हाताऱ्यांना आणि लेकुरवाळ्या बायकांना जमते, आणि शिवरात्रीच्या जत्रेत शेतीची अवजारे, भांडीकुंडी सगळे मिळते. ज्या घरात पैसा कमी आणि माणसे जास्त त्यांचा कौल बहुधा इकडे पडे.

चढाचे पुण्य हवे असलेल्यांना प्रतापगड होता. नवेगावबांधच्या जंगलपट्ट्यातल्या या डोंगरावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, महादेवाचे स्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. शिवरात्रीला हिंदू आणि मुसलमान दोघेही येथे येतात. टिपागड आणखी रानात. गर्द जंगलातल्या डोंगरमाथ्यावर तलाव, तटबंदीचे अवशेष आणि गोंड राजाच्या आख्यायिका अशी ही जागा. सातबहिणी सर्वांत जवळची. पचमढीला जाण्याची ऐपत नसलेला माणूस देवाला मुकत नसे. मोठ्या तीर्थाची छोटी प्रतिष्ठापना आपल्या मुलखात करून घेण्याची रीत सगळीकडे आहे. गायमुखाला आणि अमरावती जिल्ह्यातल्या सालबर्डीला छोटा महादेव म्हणतात ते त्यामुळेच.

तरीही पचमढीचे आकर्षण टिकून राहिले, आणि ते का हे समजण्यासाठी त्या डोंगराचा इतिहास पाहावा लागतो. सातपुड्याच्या या भागाला महादेव डोंगर असेच नाव आहे. पठार समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरांहून थोडे उंच, धूपगड हे सातपुड्याचे सर्वोच्च शिखर १३५२ मीटर, आणि त्याच्याहून किंचित ठेंगणा चौरागड. चौरागडाच्या माथ्यावर नवसाचे त्रिशूळ वाहतात. काही त्रिशूळ इतके जड असतात की खांद्यावर घेऊन शेकडो पायऱ्या चढताना माणसे आळीपाळीने खांदा देतात. खाली बडा महादेवाची गुहा, गुप्त महादेवाची चिंचोळी कपार आणि जटाशंकर. भस्मासुरापासून लपण्यासाठी शंकर या कपारींतून फिरला, ही कथा पोह्यातला प्रत्येकजण सांगू शकतो.

या देवस्थानांचे राखणदार परंपरेने कोरकू होते, आणि गोंडांच्या पुराणकथांतही महादेवाचे स्थान मोठे आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोळा केलेली, गोंडांचा वीरपुरुष लिंगो याची कथा त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापली. तीत महादेवाने कोंडलेल्या गोंडांना लिंगो सोडवतो. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंडी मुलखातून सातपुड्याकडे जाणारी वाट त्यामुळे परक्या मुलखात जाणारी नव्हती. एकाच दैवतमंडळातल्या लोकांच्या वस्तीतून ती जात होती. भोसल्यांच्या राज्यात नागपूर, चांदा आणि सातपुड्याचा बराचसा भाग एका सत्तेखाली आला. नागपूरचा पदच्युत राजा आप्पासाहेब भोसले १८१८ मध्ये इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटला तेव्हा त्याने आसरा घेतला तो याच महादेव डोंगरांत, तिथल्या गोंड जमीनदारांकडे. डोंगरातल्या ठाकूर-जमीनदारांना यात्रेकरूंकडून कर मिळे. त्या बदल्यात वाटेची राखण त्यांनी करायची असा व्यवहार होता.

नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला. १८६२ च्या सुरुवातीला कॅप्टन जेम्स फोर्सिथ पचमढीच्या पठारावर पोहोचला आणि त्याने तेथे बायसन लॉज नावाचे घर बांधले. १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे मध्य भारतातील डोंगराळ मुलखावरचे पुस्तक पुढे खूप वाचले गेले. पचमढीचा शोध फोर्सिथने लावला हे वाक्य त्यानंतर पर्यटनाच्या पुस्तिकांत कायमचे बसले. ते दुरुस्त व्हायला हवे. ज्या पठारावर दरवर्षी हजारो माणसे पायी येत होती, ज्या वाटांवर कर घेतला जात होता, ते शोधायचे राहिले नव्हते. फोर्सिथच्या पुस्तकातच महादेवाच्या यात्रेचे वर्णन आहे, तिथे पसरणाऱ्या पटकीचे आणि तिच्या भीतीने वाट फुटेल तिकडे पळणाऱ्या यात्रेकरूंचेही. मराठीत थंड हवेच्या ठिकाणांचा इतिहास बहुधा साहेबापासून सुरू होतो: महाबळेश्वर माल्कमपासून, माथेरान मॅलेटपासून, चिखलदरा रॉबिन्सनपासून, पचमढी फोर्सिथपासून. त्यात या पठारावर त्याच्या आधी शतकानुशतके चढत आलेल्या गरीब माणसाला जागा मिळालेली नाही.

पटकीने मात्र निवड खरोखरच बदलली. हजारो माणसे एका झऱ्याचे पाणी पीत होती आणि परतताना रोग गावोगाव घेऊन जात होती. रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये दाखवला, पण यात्रा आणि साथ यांचा संबंध अधिकाऱ्यांना त्याआधीच कळून चुकला होता. त्यामुळे सरकार महादेवाच्या यात्रेकडे धास्तीनेच पाहू लागले. गावांतही एखाद्या वर्षी साथीची बातमी आली की पोहा निघत नसे किंवा जवळच्या महादेवावर भागवे. लांबच्या यात्रेला जाताना घरच्यांचा निरोप शेवटचा असल्यासारखा घेण्याची जुनी रीत पटकीच्या काळात किती खरी होती, याची कल्पना आज येणे कठीण.

त्याच दशकांत पचमढी मध्य प्रांताच्या सरकारचे उन्हाळी ठिकाण झाले. नागपूरच्या उन्हापासून सुटण्यासाठी अधिकारी, त्यांची दप्तरे आणि नोकरचाकर वर जात. बंगले, चर्च, लष्कराची छावणी उभी राहिली. जवळच बोरीचे जंगल १८६५ मध्ये राखीव झाले. देशातल्या पहिल्या राखीव जंगलांत त्याची गणना होते. एकाच पठाराचे दोन हंगाम झाले, माघात आणि श्रावणात यात्रेकरूंचा, वैशाख-ज्येष्ठात साहेबांचा. दोघांची गाठ क्वचितच पडे. साहेबासाठी बांधलेल्या सडकांवरून पुढे यात्रेकरूंच्या बंड्या आणि मोटारी गेल्या, हा त्यातला एक टिकाऊ लाभ.

रेल्वेने अंतराचा हिशेब उलटापालटा केला. मुंबईहून जबलपूरला जाणारी लोहमार्गाची वाट १८७० मध्ये पुरी झाली आणि पचमढीच्या पायथ्याशी पिपरिया हे स्टेशन आले. नागपूरला रेल्वे १८६७ मध्येच पोहोचली होती. पण नागपूरहून इटारसीला थेट गाडी नव्हती. ती वाट १९२० च्या दशकात पुरी झाली. तोवर नागपूरहून पिपरियाला रुळांवरून जायचे तर भुसावळ आणि खांडव्याचा मोठा वळसा पडे. नकाशावर उत्तरेला असलेल्या डोंगरासाठी आधी पश्चिमेला शेकडो किलोमीटर जायचे, आणि तिकीटही तेवढ्या अंतराचे. नागपूरहून सरळ पायी चालणे यात्रेकरूंना अधिक परवडे.

झाडीसाठी खरा बदल घडवला तो बंगाल नागपूर रेल्वेच्या छोट्या गाड्यांनी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात अडीच फूट रुंदीच्या रुळांचे एक जाळेच या भागात विणले गेले. गोंदियाहून वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल असे करत एक वाट चांद्याला गेली; नागभीडहून दुसरी नागपूरला; गोंदियाहून तिसरी बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला; नागपूरहून चौथी छिंदवाड्याला. रेल्वेला हवा होता तो सातपुड्यातला आणि झाडीतला माल, म्हणजे लाकूड, धान्य, कोळसा. पण या वाटांनी सिंदेवाहीच्या माणसाला महादेवाच्या दोन नव्या वाटा दिल्या. पहिली नागभीड, नागपूर, छिंदवाडा करून परासियापर्यंत गाडीने, आणि तिथून तामिया-मटकुलीच्या बाजूने सातपुडा चढत पायी. दुसरी नागभीड, गोंदिया, नैनपूर, जबलपूर करून पिपरियाला. दोन्हींत गाड्या बदलाव्या लागत, रात्री फलाटावर काढाव्या लागत, आणि तिसऱ्या वर्गाच्या डब्यातली गर्दी सोसावी लागे. त्या काळच्या तिसऱ्या वर्गाच्या हालांवर महात्मा गांधींनी १९१७ मध्ये लिहिले ते सगळ्या देशाला लागू होते. पण महिन्याची यात्रा आता आठवडा-दहा दिवसांवर आली आणि माघाच्या मोकळ्या दिवसांत बसू लागली. पचमढीला जाणाऱ्यांत यानंतर बायका आणि म्हातारी माणसेही सहज दिसू लागली ती या छोट्या गाडीमुळे.

तोटाही झाला. बंडीच्या यात्रेत रोख पैसा जवळजवळ लागत नसे; गाडीचे तिकीट रोखीनेच घ्यावे लागे. ज्याच्याकडे बैल आणि तांदूळ होते तो पूर्वी यात्रेकरू होऊ शकत असे. आता त्याला आधी धान विकावा लागे किंवा सावकाराकडे जावे लागे. बंडी न जुंपता येणारा, केवळ अंगमेहनत देऊन पोह्यात सामील होणारा मजूर तर या व्यवहारातून जवळपास बाहेरच फेकला गेला. त्याच्यासाठी मार्कंडा आणि सातबहिणीच उरले. सगळे गाव एकत्र निघते ही जुनी गोष्ट येथे पहिल्यांदा उसवली, आणि ऐपतीप्रमाणे डोंगर वाटले गेले.

जगात इतरत्र याच काळात डोंगरांकडे जाणाऱ्या गटांचा उलटा प्रवास झाला. इंग्लंडमधल्या थॉमस कुकने १८६३ मध्ये पहिला गट स्वित्झर्लंडला नेला. आल्प्स तोवर धनिकांचे होते. ठरलेल्या रकमेत गाडी, मुक्काम आणि जेवण अशी सोय झाल्यावर शिक्षक आणि कारकूनही तेथे जाऊ लागले. तिथे रेल्वेने आणि दलालाने डोंगर स्वस्त केला. झाडीत तो आधीच स्वस्त होता, कारण मुक्काम, अन्न आणि वाटाड्या हे तिन्ही गावातून किंवा वाटेवरच्या धर्मातून मिळत होते. रेल्वेने येथे वेळ वाचवला. पैसा वाचवला असे म्हणता येत नाही. मराठी पर्यटन कंपन्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गटाने युरोपला नेऊ लागल्या तेव्हा त्यांनी कुकची रीत घेतली. पण गटाने निघण्याची, बरोबर आचारी नेण्याची आणि ओळखीचे जेवण परमुलखात जेवण्याची सवय त्यांच्या गिऱ्हाइकांना यात्रांनीच लावली होती.

स्वातंत्र्यानंतर निवडीवर सर्वांत मोठा परिणाम झाला तो एका रेषेचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पचमढी मध्य प्रदेशात राहिली. जवळपास शंभर वर्षे नागपूर आणि पचमढी एकाच प्रांतात होती. आता महादेव परराज्यात गेला. यात्रा थांबली नाही, पण यात्रेची सोय लावणारे सरकार आणि यात्रेकरूंचे सरकार वेगळे झाले. विदर्भाला स्वतःचे म्हणून एकच थंड हवेचे ठिकाण उरले, चिखलदरा. आणि ते मेळघाटात, झाडीपासून विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला. सिंदेवाहीच्या पोह्यांनी चिखलदरा कधी आपलासा केला नाही. तिथे हवा होती, बडा महादेव नव्हता.

विदर्भातील सरकारी मोटारसेवा १९६१ मध्ये राज्य परिवहन महामंडळात सामावली गेली आणि एसटी गावोगाव पोहोचू लागली. जत्रेसाठी जादा गाड्या सोडण्याच्या पद्धतीमुळे मार्कंडा एका दिवसाची यात्रा झाली. घरचा स्वयंपाक बांधून घ्यावा, नदीत आंघोळ करावी, दर्शन घ्यावे आणि दिवे लागेपर्यंत परतावे. याच काळात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा प्रभाव या भागात खोलवर होता. चिमूर तालुक्यातले गोंदेडा हे त्यांच्या तपाचे ठिकाण. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रामगीतेत यात्रा-मेळ्यांवर स्वतंत्र अध्याय आहे. यात्रा गावाला शहाणे करणारी व्हावी हा त्यांचा आग्रह गुरुदेव सेवा मंडळांनी उचलला. पाणी, स्वच्छता, अन्नदान अशी कामे स्वयंसेवक करू लागले. नागद्वारीच्या वाटेवर विदर्भातली मंडळे दरवर्षी मोफत जेवणाची सोय करतात, तिचे नाते या सेवेच्या परंपरेशी जोडता येते. त्या जेवणामुळेच कमी पैशातल्या माणसाला पुन्हा सातपुडा चढता येऊ लागला.

जंगलाच्या कायद्यांनी आणि पुढे खाणीनेही काही देवस्थाने दूर केली. ताडोबाच्या तळ्याकाठी तारू या देवाचे स्थान आहे आणि पौषात आदिवासी तेथे जमत आले आहेत. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, पुढे अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प. देवाला जाणे ठरावीक दिवसांच्या परवानगीवर आले. सिंदेवाही तालुक्याची काही गावे आज या प्रकल्पाच्या बफर क्षेत्राला लागून आहेत. दूरच्या शहरांतून वाघ पाहायला येणाऱ्यांच्या गाड्या त्यांच्या दारावरून जातात आणि एका सफारीचा खर्च गावातल्या कुटुंबाला परवडणारा नसतो. नागद्वारीची वाटही सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून जाते आणि वर्षातून मोजके दिवसच उघडते. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा जानेवारीत भरते. त्याच डोंगरावर लोहखनिजाची खाण सुरू झाली आहे. परिसरातल्या आदिवासी गावांनी या खाणीला विरोध करताना डोंगर हेच आपले देवस्थान असल्याचे वारंवार सांगितले आहे. ते म्हणणे भावनेपुरते मानणे चुकीचे ठरेल. डोंगरावर चढण्याचा हक्क हा येथे जगण्याच्या हक्काला जोडलेला आहे.

नव्याने मोठा झालेला डोंगर म्हणजे कचारगड. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनाजवळ, भल्यामोठ्या नैसर्गिक गुहेचा हा डोंगर. हिस्लॉपच्या कथेतली कोंडवाड्याची गुहा, कचिकोपा लोहागड, ती हीच असे कोया पुनेम हा आपला धर्म मानणारे गोंड समजतात. १९८० च्या दशकात मोतीरावण कंगाली आणि इतर अभ्यासक-कार्यकर्त्यांनी या स्थानाकडे समाजाचे लक्ष वेधले. माघ पौर्णिमेला भरणाऱ्या यात्रेत आज महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणा अशा अनेक राज्यांतून लोक येतात. झाडीतल्या गोंड कुटुंबांसाठी यामुळे निवडीचा प्रश्नच नव्याने मांडला गेला. महादेवाला जायचे की आपल्या पूर्वजांच्या गुहेला, हा प्रश्न खर्चाचा नव्हे, ओळखीचा होता. खर्चाच्या बाजूने पाहिले तरी कचारगड सोयीचे पडते. सिंदेवाहीहून गोंदियाला आणि तिथून मुख्य लोहमार्गाने दरेकशाला, असा सगळा प्रवास रेल्वेने होतो आणि तारीख माघातच येते.

ही रेल्वेही आता जुनी राहिलेली नाही. गोंदिया-चांदा फोर्ट वाट १९९० च्या दशकात रुंद झाली. छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ मध्ये आणि नागपूर-नागभीडची २०१९ मध्ये, रुंदीकरणासाठी बंद पडली. मधल्या काळात पोह्यांनी काळी-पिवळी, भाड्याची जीप आणि टेम्पो जवळ केले. दहा-बारा जणांनी मिळून गाडी ठरवायची, डिझेल आणि चालकाचा भत्ता वाटून घ्यायचा, भांडी आणि शिधा टपावर टाकायचा, ही बंडीच्याच हिशेबाची पुढची आवृत्ती. मालवाहू वाहनांतून आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून माणसे नेणे बेकायदा असूनही घडत राहते, कारण डोक्यामागे पडणारा खर्च त्यात सर्वांत कमी असतो. घाटातल्या अपघातांची किंमत त्यात धरलेली नसते.

अलीकडच्या दोन सवलतींनी तराजू पुन्हा हलला. राज्य परिवहन महामंडळाने २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास दिला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट केले. दोन्ही सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या आहेत. गटात बायका आणि म्हातारी माणसे जास्त असली की मार्कंडा, प्रतापगड, गायमुख यांचा खर्च एकदम उतरतो. पचमढीला जाताना मात्र राज्याची हद्द ओलांडली की पूर्ण भाडे सुरू होते. १९५६ ची रेषा आता तिकिटावर उमटली आहे. सिंदेवाही परिसरातून चौरागडावर त्रिशूळ न्यायचा असेल तर आजही त्याचे बोलणे चुरणा आटोपल्यावर सुरू होते: धान काय भावाने गेला, शिवरात्र मोहफुलाच्या किती आधी येते, गाडीत किती माणसे बसतील, आणि नवस यंदा फेडायचा की आणखी एक वर्ष मार्कंड्यावर भागवायचे.